चारपर्यंतच्या टिपा

"काढायची तर धड काढावी माणसाने. मागे रिकामी ओळ ठेवते ही, दात पडलेल्या तोंडासारखी."

दादा हे मला म्हणत नव्हता, आपल्या स्क्रीनला म्हणत होता. पण आमच्या दोघांच्या खुर्च्या पाठीला पाठ लावून आहेत. मध्ये एवढीशी जागा, की एकाने आळस दिला तर दुसऱ्याच्या डोक्यात कोपर बसतं. तेव्हा त्याचं पुटपुटणं मला ऐकू जाऊ नये, ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

"ऐकू येतंय मला," मी म्हटलं.

"यावं म्हणूनच बोलतोय. पान साठ. बघ जरा."

मी पान साठ उघडलं. रिकामी ओळ होती खरी. मीच मुद्दाम ठेवली होती.

आमची कंपनी एक फ्रेमवर्क बनवते. म्हणजे घर नव्हे, घराचा सांगाडा. भिंती, दारं, खिडक्या ज्याच्या त्याने बसवायच्या. कुणी त्यावर दवाखान्याची नोंदवही उभी करतो, कुणी ग्रंथालयाची. हा सांगाडा दर दोनेक वर्षांनी थोडा बदलतो आणि बदलला की त्याला नवा आकडा मिळतो. सध्या सातवं व्हर्जन चालू आहे. तो वापरायचा कसा हे सांगणारी तीनशे चाळीस पानं आहेत, आणि ती पानं सांभाळणं हे माझं काम. ऑफिस म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्या. खाली टायरचं दुकान. दिवसभर हवा भरल्याचा सूंसूं आवाज येतो, त्याची इतकी सवय झाली आहे की सुट्टीच्या दिवशी कानात दडे बसल्यासारखं वाटतं.

तर त्या पानांमध्ये जागोजाग टिपा आहेत. 'ही सोय व्हर्जन तीनपासून.' 'चारपर्यंत याचं नाव वेगळं होतं.' 'दोन वापरत असाल तर ही पायरी गाळू नका. आम्ही गाळली होती.' चौदा वर्षांत साचलेल्या बाराशे सहा टिपा, त्यातल्या हजारभर तरी दादाच्या हातच्या. मी या कामाला लागले ती त्या वाचत वाचतच. तोवर मी कापडाच्या गोदामात चादरींचे गठ्ठे मोजत होते. दादाकडे राहायला आले त्या वर्षी त्याच्या टेबलावर ही पानं छापून ठेवलेली असायची. मुख्य मजकूर माझ्या डोक्यावरून जायचा. टिपा तेवढ्या कळायच्या, कारण टिपेत कुणीतरी चुकलेलं असायचं.

आता वरून ठरलं, की चार आणि त्याआधीची व्हर्जनं बंद. कुणी वापरत नाही. तेव्हा त्यांच्या टिपाही पानांतून काढून टाकायच्या. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काहीच नव्हती. सातवर काम करणाऱ्या पोरीला तीनमध्ये काय होतं याच्याशी काय घेणंदेणं? आठ ओळींच्या माहितीत पाच ओळी गेलेल्या गोष्टींच्या. वाचणारा मध्येच दमतो आणि चुकीची ओळ उचलतो. मी स्वतः कितीदा कुरकुर केली होती या टिपांवरून. त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती.

आमच्याकडे एक नियम मात्र कडक. बदल करणारा एक, तपासून मंजूर करणारा दुसरा. स्वतःचं स्वतः मंजूर करता येत नाही, कॉम्प्युटरच करू देत नाही. आणि जुन्या व्हर्जनांची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस ऑफिसात एकच. म्हणून मी टिपा काढायच्या आणि दादाने बघून हिरवं बटण दाबायचं, अशी वाटणी झाली.

दादाची जागाच मुळी 'जुनी व्हर्जनं' या नावाची आहे. जुन्या व्हर्जनवर कुणी अडलं, की फोन दादाकडे. एके काळी तो फोन इतका वाजायचा की दादा जेवताना रिसीव्हर मानेत धरून जेवायचा. गेल्या वर्षी शेवटचं गिऱ्हाईक सातवर आलं. दादानेच आणलं, हाताला धरून. तेव्हापासून फोन गप्प आहे. दादा रोज सकाळी तो ओल्या फडक्याने पुसतो.

महिन्यापूर्वी बघूसाहेबाने मला जिन्यात गाठलं. हा आमचा साहेब. नाव त्याला त्याच्या आईवडिलांनी चांगलं ठेवलं होतं, पण काहीही विचारलं की "हो, बघू" म्हणतो म्हणून आम्ही हे ठेवलं. वयाने माझ्याहून लहान, दादाच्या हाताखाली शिकलेला. त्या दिवशी तो जिन्याच्या कठड्याला अंगठ्याने खरवडत होता.

"मॅडम, टिपांचं काम कधीपर्यंत होईल?"

"का हो?"

"नाही, ते झालं की तो विभाग बंद करायचं चाललंय. वरून आलंय. सरांची जागा... म्हणजे ते काम आहे तोवर आहे जागा."

"दुसरीकडे कुठे नाही का घेता येणार त्यांना?"

"मी विचारलं. दोनदा विचारलं." त्याने वर बघितलं. डोळे खरंच लाल होते. "तुम्ही घरच्या आहात. तुमच्याकडून ऐकलेलं बरं पडेल त्यांना."

"मी सांगायचं?"

"माझ्याच्याने नाही होत. मला पहिली नोकरी त्यांनी दिली."

"मग मला कुणी दिली?"

तो पुन्हा कठडा खरवडू लागला. मी म्हटलं, "बघू." म्हटल्यावर माझी मलाच लाज वाटली. त्याचा रोग मला लागला होता.

त्या रविवारी मी दादाकडे गेले. म्हटलं, वहिनीच्या कानावर घालावं, ती सांगेल. बाहेरच्या खोलीत दादा खुर्ची उलटी करून तिचे स्क्रू आवळत बसला होता. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसत होती. मी पाण्याचा नळ जरा जास्तच सोडला आणि हळूच म्हटलं, "वहिनी, एक सांगायचं होतं. दादाच्या ऑफिसचं."

तिने फडकं खाली ठेवलं. "साहेबांनी तुलाही सांगितलं?"

"तुलाही म्हणजे?"

"मला फोन आला होता त्यांचा. मंगळवारी. म्हणाले, तुम्ही घरच्या, तुमच्याकडून ऐकलेलं बरं."

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी रडूही. "मग सांगितलंत का?"

"मला वाटलं तू सांगशील. तुमचं तिकडचं बोलणं तुम्हाला कळतं. मी काय सांगू यांना? गेल्या वर्षी आठ दिवस घरी होते तर बरण्यांवर चिठ्ठ्या लावल्या. 'पूर्वी यात मीठ होतं.' अगं, घरात दोन माणसं. कुणासाठी?"

"काय कुजबुजताय गं दोघी?" बाहेरून आवाज आला.

"तुमच्या चहाड्या," वहिनी म्हणाली.

"मोठ्याने करा मग. दुरुस्त करता येतील मला."

नळ वाहत होता, तो वहिनीने बंद केला. मग अगदी भाजी किती घ्यायची असं विचारावं तशा आवाजात तिने विचारलं, "अजून किती राहिल्यात त्या टिपा?"

"नऊशेच्या वर."

"दिवसाला किती काढतेस?"

"चाळीस होतात."

"दहा काढ."

"वहिनी, त्याने काय होणार? आज नाही तर..."

"मला कळतंय. तू दहा काढ."

तेव्हापासून मी दहा काढू लागले. पण दिवसाला दहाच टिपा काढून आठ तास बसायचं, हे चाळीस काढण्यापेक्षा अवघड निघालं. शिवाय काम तपासणारा दादा. मी एखादी टीप 'चुकून' ठेवली, की अर्ध्या तासात मागून आवाज यायचा, "एकशे बारा. खालून तिसरी ओळ. राहिली." मी टीप काढून तिची शेपटी ठेवली, की "शेपटी." मी गरज नसताना टीप परत घातली, की "ही कालच गेली होती ना? परत कशी आली, माहेरपणाला?" त्याच्या नजरेतून काही सुटत नव्हतं. कामचुकारपणा करायचा म्हटलं तरी समोर तेवढा आळशी माणूस लागतो, तो मला मिळाला नव्हता.

पंधरा दिवस असे गेल्यावर त्याने खुर्ची वळवली. त्याचा गुडघा माझ्या खुर्चीला लागला.

"छोटे, खरं सांग. तुला दिसतंय ना नीट?"

"म्हणजे?"

"तू असल्या चुका करत नाहीस. आकडे समोर असून सुटतात तुझ्याकडून. आपल्या आईचं असंच सुरू झालं होतं, आठवतंय? चाळिशीच्या पुढे गेलीस, त्यात लपवण्यासारखं काही नाही." आणि त्याने डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ घेतल्याचा कागद माझ्यापुढे ठेवला. गुरुवार, साडेचार.

मी गेले. न जाऊन सांगणार काय? डॉक्टरबाईंनी हनुवटी टेकवायला लावली, उजेड टाकला, लहानमोठी अक्षरं वाचून घेतली. म्हणाल्या, "डोळे उत्तम आहेत तुमचे. वाचताना काही त्रास होतो का?"

"वाचताना नाही," मी म्हटलं. "वाचून झाल्यावर होतो."

त्यांनी मला डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

दादाला मी सांगितलं, थोडा ताण आहे म्हणाल्या. ते त्याने मनावर घेतलं. त्यात भर म्हणून शुक्रवारी बघूसाहेब आमच्या दारात आला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि मला म्हणाला, "मॅडम, कुठवर आलं? वरून सारखी विचारणा होतेय." एवढं बोलून, दादाकडे न बघताच परत गेला. त्याला विचारायचं वेगळंच होतं, हे मला कळलं. दादाला मात्र कळलं ते एवढंच, की बहिणीला बोलणी बसतायत.

"तुझ्यामागे लागलाय का गं हा?"

"नाही रे."

"नाही कसं? तोंड बघ तुझं."

संध्याकाळी निघताना तो नेहमीसारखं "उद्या सुट्टी, झोप जरा" असं म्हणाला नाही. घाईघाईने जिना उतरून गेला.

रविवारी दुपारी वहिनीचा फोन आला. "अगं, हे कालपासून कॉम्प्युटर घेऊन बसलेत. दार लोटून. मध्येच हसतायत."

"हसतोय ना? हसू दे."

"तेच म्हटलं. पुष्कळ दिवसांनी ऐकलं." मग तिने आवाज खाली आणला. "तू सांगितलं नाहीस ना अजून?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

मग आम्ही हवापाण्याचं बोलून फोन ठेवला.

सोमवारी मी पोचले तर दादा माझ्या आधी येऊन बसलेला, कोटही न काढता. "ये, ये. इथे बस. माझ्या खुर्चीवर बस."

"काय झालं?"

"बस तर आधी."

मी बसले. त्याने खांद्यावरून हात पुढे घालून एक कळ दाबली. स्क्रीनवर ओळी धावू लागल्या, पान क्रमांक, ओळ क्रमांक, टीप, पान क्रमांक, ओळ क्रमांक, टीप. मी श्वास घेऊन सोडेपर्यंत थांबल्यासुद्धा. खाली आकडा आला होता, सातशे अठरा.

"राहिलेल्या सगळ्या," दादा म्हणाला. "एकूण एक. आकडा असलेल्या टिपा कुणीही शोधेल गं. या बघ, बिनआकड्याच्या. 'पूर्वी', 'हल्ली', 'नव्याने', 'अजून तरी'. या कुठे लपल्यात ते दुसऱ्या कुणाच्या बापालाही सापडणार नाही, पण मला माझ्या खोडी ठाऊक. मध्यंतरी मला 'अजून तरी' लिहायची सवय लागली होती. एकवीस ठिकाणी निघालं. शोधणारा प्रोग्राम शनिवारी झाला आणि काढणारा काल. तुझी वहिनी म्हणत होती फिरायला चला. म्हटलं, छोटी अडचणीत आहे, आज नाही."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. त्याला वाटलं मला आनंद झाला.

"आता काय बिशाद आहे कुणाची तुला बोलायची! तीन महिन्यांचं काम उरकलं. आणि गंमत कळली का तुला? काढलंय मी. म्हणजे मला मंजूर करता येणार नाही. तपासणार तू." तो माझ्या खुर्चीत जाऊन बसला आणि त्याने कोट काढून गुडघ्यावर घेतला. "एवढी वर्षं तुझ्या वह्या तपासल्या, आज माझी तपास. चूक सापडली तर सोडू नकोस हं."

मी तपासायला लागले. इतक्या मनापासून मी आयुष्यात काही तपासलं नसेल. मला चूक हवी होती. एखादी मोठी, दांडगी चूक, जिच्यापायी सगळंच परत पाठवावं लागेल, प्रोग्राम पहिल्यापासून लिहावा लागेल. पान उघडायचं, आधीचा मजकूर डावीकडे, नंतरचा उजवीकडे, डावीकडे लाल, उजवीकडे काही नाही. 'दोन वापरत असाल तर ही पायरी गाळू नका. आम्ही गाळली होती.' लाल. 'तीनमध्ये हे का बदललं असं बऱ्याच जणांनी विचारलं, म्हणून सांगतो.' बरेच जण म्हणजे मी, त्याच्या जेवणाच्या टेबलाशी बसून. लाल. सगळ्या टिपा बरोबर जागी बरोबर काढलेल्या. मागे रिकामी ओळ म्हणून कुठे नाही.

"दोनशे अकरावर वाक्य लंगडं झालंय," मी म्हटलं.

"कुठे, कुठे? हं. 'हल्ली' गेल्यावर 'पण' कशाला, नाही का? बरोबर." एका मिनिटात त्याने ते सरळ केलं. "आणखी?"

दुपारपर्यंत मला असल्या तीन बारीकसारीक गोष्टी सापडल्या. तिन्ही त्याने हसत हसत दुरुस्त केल्या. एकदा म्हणाला, "तुझे डोळे सुधारले की! थेंब चांगले दिसतात." जेवणाच्या सुट्टीत आम्ही दोघंही उठलो नाही. मी शोधत होते, तो वाट बघत होता, मध्येच फोन पुसत होता. वहिनीचा एक निरोप येऊन पडला होता, 'काय करत होते कळलं का?' मी उत्तर दिलं नाही. काय देणार?

चार वाजता सातशे अठरावी टीप बघून झाली. चूक नव्हती. स्क्रीनवर बटण तेवढं राहिलं होतं, हिरवं, अंगठ्याच्या नखाएवढं.

काम मंजुरीपर्यंत आलं की साहेबाला आपोआप निरोप जातो. त्यामुळे बघूसाहेब दारात येऊन उभा राहिला, हातात कप, त्यातला चहा केव्हाच संपलेला.

"झालं वाटतं," तो म्हणाला.

"झालं काय, एका दिवसात झालं!" दादा उठून उभा राहिला. "आणि साहेब, हे ध्यानात ठेवा, सगळी मेहनत छोटीची. पाचशेच्या घरात टिपा तिने एकेक करून काढल्या, मी नुसता शेवटचा हात लावला. तिला उगाच घाई करत होतात तुम्ही."

"हो, हो. नाही, तसं नाही सर."

"असू दे. आता मला सांगा, उद्यापासून हातात काय घेऊ?"

बघूसाहेबाने कपात बघितलं. "बघू ना."

"बघू कसं? सकाळी येऊन बसायचं तर समोर काहीतरी हवं. फोन तर वाजत नाही. म्हणाल तर पाचच्या टिपा आत्तापासून करून ठेवतो. पुढेमागे त्याही काढायच्याच आहेत."

खाली टायरवाल्याचा पंप सुरू झाला आणि थांबला. बघूसाहेबाची नजर कपातून निघाली आणि माझ्यावर येऊन थांबली.

"मॅडम बोलल्याच असतील की तुमच्याशी," तो म्हणाला.

"कशाबद्दल?" दादा माझ्याकडे वळला. चेहऱ्यावर अजून सकाळचं हसू होतं, थोडंसं चुकल्यासारखं, एखादी ओळ वाचायची राहून गेल्यासारखं. "काय गं? आणि दाब की ते आधी. थांबलीस कशाला?"

मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"दादा, मी हे दाबलं की तुझी जागा बंद होणार आहे. या टिपांपुरतंच तुला ठेवलं होतं. उद्या तुला यायचं नाहीये. महिना झाला, मला माहीत आहे, वहिनीला माहीत आहे, यांना माहीत आहे. तुलाच तेवढं आम्ही कुणी सांगितलं नाही."